सर्वांनीं पाहिलेला देखावा आणि आपली स्वतंत्र दृष्टि

सुट्टींत एखाद्या प्रेक्षणीय स्थळीं सहल गेली, म्हणजे तेथें पोंचल्याबरोबर मंडळी काय करतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कठड्याजवळची एक जागा ठरलेली असते. आधीं येऊन गेलेल्यांनीं तेथूनच चित्र घेतलेलें असतें, दुकानांतील चित्रकार्डावरही तेंच दृश्य छापलेलें असतें, आणि आपणही पाळी येईपर्यंत थांबून तेथूनच तेंच चित्र घेतों. घरीं आल्यावर तें पाहून वडील माणसें विचारतात, "अरे, हें तर विकत मिळतें; मग तूं एवढी खटपट कशाला केलीस ?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर देणें सोपें नाहीं. ज्या देखाव्याचीं हजारों छायाचित्रें आधींच निघालीं आहेत, त्याचें आणखी एक चित्र घेण्यांत अर्थ तो कोणता ? आणि तें आपलें स्वतःचें चित्र व्हावें, तर त्यासाठीं काय करावें ? ह्या लेखांत ह्याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ कॅमेरा बाळगणाऱ्यांचा नव्हे. निबंधाच्या तासास 'पावसाळा' हा विषय दिला, तर वर्गांतील किती मुलें स्वतः पाहिलेला पाऊस लिहितात, आणि किती मुलें मार्गदर्शक पुस्तकांतला पाऊस उतरून काढतात, हें शिक्षकांस विचारून पाहावें. विषय जुनाच असतो. पाऊसही दरवर्षीं पडतो. तरीसुद्धां एखाद्या मुलाचा निबंध वाचतांना शिक्षकांचा हात थबकतो. त्या मुलानें नवा पाऊस शोधलेला नसतो. त्यानें पाऊस स्वतः पाहिलेला असतो, आणि पाहिलेल्यांतून काय सांगावयाचें व काय गाळावयाचें हें स्वतः ठरविलेलें असतें. ह्या निवडीलाच रचना म्हणतात. निबंधाची रचना आणि छायाचित्राची रचना ह्या दोहोंचें मूळ एकच आहे.

उदाहरणासाठीं आम्ही जगांतील अत्यंत परिचित अशा एका स्थळाकडे वळतों. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सिएरा नेवाडा पर्वताच्या कुशींत योसेमिटी नांवाची एक दरी आहे. हिमनद्यांनीं कोरलेल्या ह्या दरीच्या एका बाजूस एल कॅपिटन हा सुमारे ३,००० फूट सरळ उभा कडा आहे. तिच्या वरच्या टोंकाशीं घुमटाचें अर्धें शकल कापून काढावें तसा दिसणारा हाफ डोम हा प्रचंड खडक समुद्रसपाटीपासून ८,८०० फुटांहून उंच उभा आहे. आणि मध्यें कुरणें, नदी व धबधबे आहेत. १८५९ सालीं चार्ल्स वीड ह्यानें तेथें पहिलें छायाचित्र घेतलें. तेव्हांपासून आजपर्यंत ह्या दरीकडे कॅमेरे रोंखलेलेच आहेत. 'आतां येथें नवें काय उरलें ?' हा प्रश्न जर कोठें विचारावयाचा, तर तो येथेंच. आणि नवल असें कीं, ह्याच दरींत एकामागून एक आलेल्या तीन छायाचित्रकारांनीं तिला तीन निराळीं रूपें दिलीं.

त्यांपैकीं पहिला कार्लटन वॉटकिन्स. १८६१ सालीं तो तेथें गेला, तेव्हां त्याचा मुद्दाम बनवून घेतलेला कॅमेरा इतका मोठा होता कीं त्यांतील कांच १८ इंच रुंद व २२ इंच लांब असे. हें सारें ओझें खेंचरांच्या पाठीवर लादून दरींत न्यावें लागलें. त्या काळीं कांचेवर ओलें रसायन ओतून, तें वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन, तेथल्या तेथें काळोख्या तंबूंत तें धुवावें लागे. मोठें चित्र हवें असल्यास कांचच मोठी घ्यावी लागे, कारण लहान चित्र वाढवून मोठें करण्याची सोय आजच्यासारखी नव्हती. एक कांच फुकट जाणें म्हणजे अर्ध्या दिवसाचे श्रम वायां जाणें. म्हणून वॉटकिन्स आधीं पुष्कळ वेळ पाही आणि मग एकच चित्र घेई. त्या सफरींतून त्यानें अशीं सुमारे ३० मोठीं चित्रें आणलीं.

त्या रसायनाचा आणखी एक गुण ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्याला निळा प्रकाश फार लवकर लागे. त्यामुळें निळें आकाश चित्रांत कोरें पांढरें उमटे. दुसऱ्या कोणास हा दोष वाटला असता. वॉटकिन्सनें त्या कोऱ्या आकाशालाच रचनेंतील एक आकार मानलें. कड्याची कडा त्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर इतकी स्वच्छ उमटते, कीं जणूं कोणी कात्रीनें कापून ठेवली आहे. निश्चल पाण्यांत पडलेलें डोंगराचें प्रतिबिंब, जवळ एखादें उंच झाड, आणि दूर स्तब्ध कडा — वॉटकिन्सची दरी शांत, स्थिर व प्रमाणबद्ध आहे. १८६२ सालीं हीं चित्रें न्यूयॉर्क येथें प्रदर्शित झालीं. ३० जून १८६४ रोजीं अध्यक्ष लिंकन ह्यांनीं ही दरी सर्व जनतेसाठीं राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. लिंकन स्वतः ती दरी पाहण्यास कधींच गेले नव्हते. त्या निर्णयास वॉटकिन्सच्या चित्रांचा हातभार लागला असें इतिहासकार मानतात.

दुसरा एडवर्ड मायब्रिज. धांवत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात, हें पुढें १८७८ सालीं छायाचित्रांच्या मालिकेनें दाखविणारा तो हाच. १८७२ सालीं मोठ्या कांचा घेऊन तो योसेमिटींत गेला, तेव्हां वॉटकिन्सचीं चित्रें सर्वांच्या परिचयाचीं झालीं होतीं. तीच जागा, तोच आकार, तेंच रसायन. परंतु मायब्रिजच्या मनांत शांति नव्हती. त्यानें अंगावर येणाऱ्या कपारी, मोडून पडलेलीं झाडें, धुक्यांत हरवणारे कडे आणि उसळतें पाणी निवडलें. कोरें आकाश त्याला रुचेना, म्हणून आकाशावरचा प्रकाश कमी करणारी एक युक्ति त्यानें कॅमेऱ्यास जोडली, आणि प्रसंगीं दुसऱ्या कांचेवरचे ढगही त्यानें आपल्या चित्रांत छापले. वॉटकिन्सची दरी पाहून मन निवतें. मायब्रिजची दरी पाहून तें बिचकतें. खडक तर तिळभरही हलला नव्हता ! बदलला होता तो पाहणारा.

तिसरा ॲन्सेल ॲडम्स. १९१६ सालीं वयाच्या चौदाव्या वर्षीं तो आईबापांबरोबर प्रथम योसेमिटीस आला, आणि त्यांनीं त्याच्या हातीं कोडॅक कंपनीचा ब्राउनी नांवाचा एक साधा पेटी-कॅमेरा दिला. त्याच वर्षीं वृद्ध वॉटकिन्स निवर्तला. त्याच्या संग्रहांतील पुष्कळ कांचा १९०६ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपांत व आगींत आधींच नष्ट झाल्या होत्या. मुलानें त्या वेळीं घेतलेलीं चित्रें इतर प्रवाशांच्या चित्रांसारखींच होतीं. पण तो दरवर्षीं तेथें परत येत राहिला. आमच्या बालवाचकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी : पहिल्या भेटींत स्वतंत्र दृष्टि येत नसते.

पुढें ११ वर्षांनीं, १० एप्रिल १९२७ रोजीं, ॲडम्स कांहीं सोबत्यांसह जड कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फांतून चढत हाफ डोमच्या पायथ्याजवळच्या एका उंच खडकावर गेला. सकाळीं निघतांना बरोबर १२ कांचा होत्या; तेथें पोंचेपर्यंत दोनच उरल्या. दुपारचें ऊन कड्यावर हळूहळू सरकत होतें. भिंगापुढें पिवळी कांच लावून त्यानें पहिलें चित्र घेतलें. आणि मग त्याच्या ध्यानांत आलें, कीं हें चित्र खडक जसा दिसतो तसा दाखवील, पण तो पाहतांना मनावर जें दडपण येतें तें त्यांत उतरणार नाहीं; आकाश फिकट राहील आणि खडकाचा दरारा नाहींसा होईल. शेवटची कांच उरली होती. त्यानें पिवळी काढून गडद तांबडी कांच भिंगापुढें लावली. तांबडी कांच निळा प्रकाश अडविते. म्हणून निळें आकाश चित्रांत जवळजवळ काळें होतें. चित्र घेतलें, आणि 'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' ह्या नांवानें तें प्रसिद्ध झालें.

त्या चित्रांत काय आहे ? काळेंभोर आकाश, अर्धा सावलींत असलेला कडा, थोडें बर्फ, आणि खालीं कोपऱ्यांत अगदीं इवलींशीं झाडें. काय नाहीं ? नदी नाहीं, कुरण नाहीं, धबधबा नाहीं. दरीचीं सारीं प्रसिद्ध भूषणें त्यानें चौकटीबाहेर ठेविलीं, तेव्हां कुठें त्या एका खडकाला बोलतां आलें. झाडें मात्र ठेविलीं, कारण त्यांच्यामुळेंच खडक केवढा आहे हें कळतें. चित्र घेण्याआधींच तें पूर्ण झालेलें मनांत पाहणें, ह्या सवयीस ॲडम्स पुढें फार महत्त्व देत असे. तो मुळांत पियानोवादक होता. कांचेवरचें उलटें चित्र म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपि, आणि कागदावर छापलेलें चित्र म्हणजे तिचें वादन, अशी उपमा तो देई.

कोणी म्हणेल, 'उंच कड्यावर चढून निराळी जागा गांठली, म्हणून चित्र निराळें झालें.' ह्या शंकेचें उत्तर ॲडम्सच्याच दुसऱ्या एका चित्रांत आहे. १९३३ सालीं दरीकडे येणाऱ्या रस्त्यावर वावोना बोगदा खुला झाला. बोगद्यांतून बाहेर पडतांच डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्राइडलव्हेल धबधबा आणि समोर दूर हाफ डोम असा संपूर्ण देखावा एकदम दिसतो. मोटार थांबवावी आणि चित्र घ्यावें. ह्याहून सोपी व ह्याहून परिचित जागा साऱ्या दरींत नाहीं. ॲडम्सचें 'क्लिअरिंग विंटर स्टॉर्म' हें प्रख्यात चित्र ह्याच ठिकाणच्या परिसरांतलें आहे. डिसेंबरचे आरंभींचे दिवस होते; पाऊस पडून पुढें त्याचें बर्फ झालें, आणि दुपारच्या सुमारास वादळ विरूं लागलें. ढग कड्यांना कोठें झांकीत, कोठें उघडे करीत होते. तो ढगांकडे पाहत थांबला आणि त्यांची जुळणी मनासारखी होतांच त्यानें चित्र घेतलें. म्हणजे नवी जागा हें कांहीं नव्या दृष्टीचें आवश्यक लक्षण नव्हे. जागा सर्वांची होती. वाट पाहणें त्याचें होतें.

आतां कृष्णधवल चित्रांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. रंग हा मोठा उदार मित्र आहे; तो आपल्या चित्रांतील पुष्कळ उणीवा झांकतो. हिरव्या पानांतलें तांबडें जास्वंद डोळ्यांस एकदम वेगळें दिसतें. परंतु रंग काढून टाकले, तर तांबडें फूल आणि हिरवें पान पुष्कळदां एकाच करड्या छटेचे होतात, आणि फूल पानांत नाहींसें होतें. म्हणून कृष्णधवल चित्र घेणारास वस्तूंचीं नांवें विसरून फक्त उजेड, काळोख व त्यांमधल्या छटा पाहाव्या लागतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ह्या छटांची ॲडम्स व फ्रेड आर्चर ह्यांनीं १९४० च्या सुमारास एक पायऱ्यापायऱ्यांची पद्धति बसविली, आणि दृश्यांतील कोणता भाग कोणत्या पायरीवर उमटावा हें आधींच ठरविण्याची रीत शिकविली. अतिपरिचित देखाव्यास कृष्णधवल चित्र उपकारक होतें, त्याचें कारण हेंच : चित्रकार्डाची रंगीत ओळख पुसली जाते, आणि ओळखीच्या वस्तूकडे अनोळखी नजरेनें पाहणें भाग पडतें.

मग अनुकरण अगदींच वाईट काय ? तसें आम्ही म्हणत नाहीं. कित्ता गिरविल्यावांचून अक्षर वळणदार होत नाहीं. ॲडम्सनें १९४८ सालीं ग्लेशियर पॉइंट ह्या ठिकाणाहून उगवत्या चंद्राचें एक चित्र घेतलें होतें. खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनीं चित्रांतील चंद्र व सावल्या ह्यांवरून गणित करून त्याची तारीख १५ सप्टेंबर अशी काढली, आणि चंद्राचें १९ वर्षांचें चक्र तीनदां पुरें होऊन १५ सप्टेंबर २००५ रोजीं तोच योग पुन्हां येईल असें सांगितलें. त्या संध्याकाळीं शेंकडों लोक कॅमेरे घेऊन त्याच कड्यावर जमले. ह्यांत गणिताचा विजय आहे, आणि एका कलावंतास वाहिलेली आदरांजलिही आहे. परंतु ॲडम्स ज्या संध्याकाळीं तेथें उभा होता, त्या संध्याकाळीं त्याच्या हातांत पंचांगांतून काढलेला कोणाचा जुना चंद्र नव्हता. तो समोरच्या चंद्राकडे पाहत होता. कित्ता गिरवावा, पण आयुष्यभर कित्ताच गिरवीत बसलें, तर आपलें पत्र कोण लिहिणार ?

आणखी एक गोष्ट पालकांनींही मुलांस समजावून द्यावी अशी आहे. चौकटींत काय घेतलें ह्याइतकेंच बाहेर काय टाकलें हेंही चित्राचें बोलणें असतें. वॉटकिन्स व ॲडम्स ह्यांच्या प्रसिद्ध चित्रांतील दरी बहुधा निर्मनुष्य आहे. ती पाहून वाटतें, कीं येथें मनुष्याचा वास कधीं नव्हताच. वास्तविक तेथें अहवानीची लोकांचीं घरें होतीं. १८५१ सालीं एका सशस्त्र तुकडीनें दरींत शिरून त्यांस हांकून लावलें. त्यांतील कांहीं पुढें परत आले. इतकेंच नव्हे, तर ज्या मोकळ्या कुरणांमुळें दूरचे कडे इतके स्पष्ट दिसत, तीं कुरणें मोकळीं राहण्यास हे लोक वेळोवेळीं गवत व झुडपें जाळीत हेंही एक कारण होतें. मायब्रिजनें १८७२ सालीं ह्या लोकांचींही कांहीं चित्रें घेतलीं. आणि १९८० सालीं रॉजर मिनिक ह्यानें तेथल्याच एका प्रसिद्ध ठिकाणीं देखावा पाहणाऱ्या एका बाईचें पाठमोरें चित्र घेतलें. तें रंगीत आहे. तिच्या डोक्यावरच्या रुमालावर योसेमिटीचींच दृश्यें छापलेलीं आहेत, आणि समोर खरी दरी पसरली आहे. सर्वजण जिकडे पाहत होते तिकडे न पाहतां, त्यानें पाहणारांकडे पाहिलें. जुन्या स्थळीं न सांगितलेली गोष्ट किती जवळ असते, ह्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

ह्या साऱ्यांतून विद्यार्थ्यांनीं आपल्यापुरते कांहीं नियम काढावे. महाग कॅमेऱ्याची गरज नाहीं. वडिलांच्या मोबाइलमध्यें रंग काढून टाकण्याची सोय असते, तेवढी पुरे.

पहिलें, स्थळीं पोंचल्यावर निदान १० मिनिटें कॅमेरा खिशांतच ठेवावा. ह्या जागेबद्दल आपणांस काय वाटलें, तें एका शब्दांत मनाशीं म्हणावें : उंच, एकाकी, थंड, भीतिदायक, गजबजलेलें. जो शब्द सुचेल, त्याला पोषक तें घ्यावें. बाकीचें कितीही सुंदर असलें तरी सोडावें.

दुसरें, चित्र घेण्यापूर्वीं चौकटीचे चारही कोपरे तपासावे. अर्धवट कापलेली फांदी, विजेची तार, कोणाचा हात, हीं मधल्या विषयाकडे पाहतांना ध्यानांत येत नाहींत. दोन पावलें सरकल्यानें जें साधतें, तें मागाहून कितीही डागडुजी केली तरी साधत नाहीं.

तिसरें, दूरचा डोंगर मोठा वाटावा, तर जवळची एखादी ओळखीची वस्तु चौकटींत असावी. झाड, माणूस, पायवाट. ॲडम्सचीं इवलींशीं झाडें आठवावीं.

चौथें, डोळे किंचित् मिटून दृश्याकडे पाहावें. बारकावे पुसट होऊन काळे-पांढरे मोठे आकार उरतात. ते आकार नीट बसले असले, तर चित्र बसेल. भर दुपारच्या उन्हांत खडक सपाट दिसतात. सकाळच्या व सायंकाळच्या तिरप्या उन्हांत त्यांचे उंचवटे व खळगे उठून दिसतात.

पांचवें, एकाच ओळखीच्या जागीं वर्षभरांत अनेकदां जावें. पावसांत, धुक्यांत, उन्हाळ्यांत. दहा चित्रें घ्यावीं आणि एकच ठेवावें. तें एकच कां ठेविलें, हें वहींत दोन ओळींत लिहावें. रचनेचा खरा अभ्यास त्या दोन ओळींत होतो.

हे नियम म्हणजे केवळ काठी आहे. चालावयाचें ज्याचें त्यानेंच. पण एवढें खास, कीं जो मुलगा किंवा मुलगी आपल्या गांवाजवळच्या किल्ल्याकडे, ओढ्याकडे किंवा देवळाच्या पायऱ्यांकडे अशा रीतीनें पाहावयास शिकेल, तिला 'पावसाळा' हा निबंध दुसऱ्याच्या पुस्तकांतून उतरून काढावा लागणार नाहीं. आणि 'हें तर विकत मिळतें' असें म्हणणाऱ्या वडिलांपुढें तिला आपलें एक चित्र ठेवून नम्रपणें सांगतां येईल, कीं "बाबा, डोंगर विकत मिळतो, पण त्या दिवशीं ढग बाजूला होईपर्यंत मी तेथें थांबलें होतें, आणि मला जें दिसलें तें ह्यांत आहे." आमच्या शाळेंतून अशीं दहा चित्रें जरी पुढील वर्षीं निघालीं, तरी ह्या लेखाचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.